आधी आई पाहा, मग पिल्लू

जातिवंत कुत्र्याचं पिल्लू घेण्याविषयी आणि घरच्या कुत्रीची पिल्लं काढण्याविषयी आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांची उत्तरं या अंकात देत आहोत. ज्यांत एकसारखेच प्रश्न होते, ती पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : आम्हाला लॅब्रेडॉर घ्यायचा आहे. एका विक्रेत्याने फोनवर फोटो पाठवले. पिल्लू ३५ दिवसांचं आहे. 'पेपर्ससकट' २८ हजार आणि 'पेपर्सशिवाय' १८ हजार, असा भाव सांगतो. दोन लसी झाल्यात म्हणतो. आई-बाप बघायचे म्हटलं तर, 'आई गावाकडच्या फार्मवर आहे' असं उत्तर आलं. काय बघून ठरवावं? — एक वाचक, चिंचवड

हे पिल्लू घेऊ नका. नकाराची सगळी कारणं तुमच्या पत्रातच आहेत.

पहिलं कारण वय. श्वान प्रजनन व विक्रीविषयीचे केंद्राचे नियम २०१७ पासून लागू आहेत. त्यांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही, आणि विक्रीसाठी पिल्लं काढणाऱ्याची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी असावी लागते. आठ आठवड्यांच्या अटीमागे ठोस कारण आहे. पाचव्या ते आठव्या आठवड्यात पिल्लू भावंडांशी झोंबताना चावा किती जोरात घ्यायचा, हे शिकतं. जोरात चावलं की समोरचं पिल्लू किंचाळतं आणि खेळ थांबतो, आई गुरकावते. हा धडा चुकलेलं पिल्लू पुढे तुमच्या मुलांच्या हातांवर शिकतं. विक्रेत्याला मात्र ३५व्या दिवशीच विकणं परवडतं. तेव्हा पिल्लू गोंडस दिसतं आणि खर्चिक तीन आठवड्यांचं खाणं वाचतं.

सांगितलेलं वय खरं आहे का, ते दातांवरून ताडता येतं. दुधाचे सुळे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दिसतात, पुढचे दात त्याच्या आगेमागे येतात आणि दाढा पाचव्या आठवड्यापासून येऊ लागतात. आठ आठवड्यांच्या पिल्लाच्या तोंडात सगळे २८ दुधाचे दात असतात. 'दोन महिन्यांचं' म्हणून दाखवलेल्या पिल्लाच्या मागच्या हिरड्या मोकळ्या असतील तर तिथूनच परत फिरा.

३५ दिवसांत दोन लसी झाल्या असतील तरी त्यांच्यावर विसंबता येत नाही. आईच्या चिकातून आलेली प्रतिपिंडं त्या वयात लस निष्प्रभ करतात. म्हणून लस सहाव्या ते आठव्या आठवड्यात सुरू करून दर तीन-चार आठवड्यांनी द्यायची असते आणि शेवटचा डोस सोळाव्या आठवड्यात किंवा त्यानंतर पडावा लागतो. लसीच्या पुस्तिकेत बाटलीवरचं लेबल चिकटवलेलं, तारीख घातलेली आणि पशुवैद्याची सही व नोंदणी क्रमांक असायला हवा. पेनाने नुसतं 'डीएचपीपीआय दिली' (म्हणजे पिल्लांची एकत्रित लस दिली) एवढंच लिहिलं असेल तर ती लस झाली नाही असं समजून तुमच्या डॉक्टरांकडून नव्याने सुरुवात करा.

आता कागद. केनेल क्लब ऑफ इंडियाचा, म्हणजे केसीआयचा, दाखला वंशावळ सांगतो. पिल्लाचे आई-बाप, आजे-पणजे कोण, एवढंच त्यात असतं. खुबे कसे आहेत, डोळे कसे आहेत, स्वभाव कसा आहे, याबद्दल त्यात काही नसतं. नोंदणीचा खर्चही दहा हजारांच्या आसपास कुठेच जात नाही. वेताची नोंदणी ब्रीडरनेच, म्हणजे पिल्लं काढणाऱ्यानेच, करायची असते, त्यामुळे एकाच वेतातल्या पिल्लांचे 'कागदासह' आणि 'कागदाविना' असे दोन भाव लावणाऱ्यावर भरवसा ठेवू नका. कागद मिळाला तर त्यावरचा मायक्रोचिपचा (कातडीखाली बसवलेल्या ओळखीच्या चिपचा) १५ अंकी क्रमांक पशुवैद्याकडच्या स्कॅनरने पिल्लाच्या मानेवर तपासून घ्या. दोन्ही क्रमांक जुळले नाहीत तर तो कागद दुसऱ्याच कुत्र्याचा आहे.

वंशावळीतली नावं नीट वाचा. एकच नर आईकडे आणि बापाकडे दोन्हीकडे आजा म्हणून दिसत असेल तर आई-बाप सावत्र भावंडं आहेत, आणि पिल्लाचा अंतःप्रजनन गुणांक (आई-बाप नात्याने किती जवळचे, याचं माप) किमान १२.५ टक्के होतो. सख्खी भावंडं किंवा बाप-लेक असतील तर तो २५ टक्के. ब्रीडर याला 'लाइन ब्रीडिंग' म्हणतात आणि चांगला नमुना टिकवायला ते करतात, हेही खरं आहे. पण अशा वेतात दडलेले दोष वर येण्याची शक्यता वाढते. कारण विचारा. उत्तर देता आलं नाही, तर त्या माणसाने विचार न करताच नर लावला आहे.

लॅब्रेडॉरच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे आई-बापांचे खुब्यांचे आणि कोपरांचे एक्स-रे. वयाची १२ महिने पूर्ण झाल्यावर, गुंगी देऊन, पाठीवर झोपवून, मागचे पाय सरळ ताणून खुब्यांचं चित्र घेतात. एफसीआयच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय श्वान महासंघाच्या, पद्धतीत खुब्यांना ए ते ई अशी श्रेणी असते. ए आणि बी पैदाशीला योग्य, डी आणि ई अजिबात नाही. कोपरांना ० ते ३. फिल्मवर कुत्र्याचा चिप क्रमांक छापलेला हवा, नाहीतर ती फिल्म कोणाचीही असू शकते. 'डॉक्टरांनी हात लावून बघितलंय, हिप एकदम ओके' या वाक्याला काही अर्थ नाही. खुब्याचा सैलपणा हाताने नेहमी कळत नाही.

गालाच्या आतून घेतलेल्या नमुन्यावरून डीएनए चाचणी होते. लॅब्रेडॉरमध्ये दोन चाचण्या महत्त्वाच्या आहेत. एक पीआरसीडी-पीआरए, म्हणजे हळूहळू आंधळेपणा आणणारा डोळ्यांचा आजार. दुसरी ईआयसी. त्यात जोरात धावल्यावर पाच-वीस मिनिटांत मागचे पाय लुळे पडतात. निकाल तीन प्रकारचे असतात: निर्दोष, वाहक, बाधित. वाहक कुत्रा स्वतः आजारी पडत नाही, आणि वाहक-निर्दोष जोडीचं एकही पिल्लू त्या दोषाने बाधित होत नाही. दोन वाहकांची जोडी लावली तर सरासरी चारातलं एक पिल्लू बाधित निघतं. तेव्हा 'आई वाहक आहे' असं कोणी मोकळेपणाने सांगितलं आणि बापाचा निर्दोष अहवाल दाखवला, तर त्या माणसाकडून जरूर घ्या. जो लपवत नाही, त्याचं पिल्लू घेण्यात धोका कमी.

आपल्याकडे हे सगळं करणारे ब्रीडर थोडे आहेत. म्हणूनच विचारा. प्रत्येक गिऱ्हाईक एक्स-रे मागू लागलं तरच ते काढले जातील. आई घरात पिल्लांसोबत असताना प्रत्यक्ष जाऊन बघा, व्हिडिओ कॉलवर नाही. ती अनोळखी माणसाला बघून कोपऱ्यात दडते का, दात दाखवते का, की शेपूट हलवत पुढे येते? पिल्लांचा स्वभाव तिच्यावरून बराच कळतो. तिची आचळं लोंबलेली, दूध उतरलेलं दिसायला हवं. विण्याची कसलीच खूण नसलेली देखणी कुत्री 'आई' म्हणून समोर आणली जाते, हा जुनाच प्रकार आहे. बाप दुसऱ्याच्या घरी असू शकतो, त्यात गैर काही नाही. मात्र त्याचे अहवाल इथे असावेत.

पिल्लू निवडताना सगळ्यांत आधी धावत येणारं किंवा सगळ्यांत मागे बसलेलं, दोन्ही टोकं घरगुती माणसाने टाळावीत. पिल्लू उताणं करून बेंबीजवळ हर्नियाची गाठ आहे का बघा. नर असेल तर दोन्ही अंडकोष उतरलेत का ते बोटांनी चाचपा. कानाच्या आत आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड शोधा. हिरड्या गुलाबी हव्यात, गुदद्वाराभोवतीचे केस कोरडे हवेत. पोट फुगलेलं आणि बरगड्या दिसणारं पिल्लू जंतांनी भरलेलं असतं. चांगल्या ब्रीडरने दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या, आठव्या आठवड्याला जंताचं औषध दिलेलं असतं आणि त्याच्या तारखा सांगता येतात. पैसे देताना पावतीवर एवढं लिहून घ्या : तीन दिवसांत आमच्या पशुवैद्याने जन्मजात दोष दाखवला तर पिल्लू परत घेऊन पूर्ण रक्कम मिळेल.

आणि एक. ब्रीडर तुम्हाला प्रश्न विचारत नसेल, म्हणजे घरी दिवसभर कोण असतं, सोसायटीची परवानगी आहे का, आधी कुत्रा पाळलाय का, तर त्याला पिल्लू कुठे जातंय याची फिकीर नाही.

प्रश्न : 'सिल्व्हर लॅब्रेडॉर' दुर्मीळ म्हणून ७५ हजारांना सांगतात. घ्यावा का? — एक वाचिका, नाशिक

नाही. लॅब्रेडॉरचे मान्य रंग तीनच: काळा, पिवळा आणि चॉकलेटी. चंदेरी रंग म्हणजे रंग फिका करणाऱ्या जनुकाच्या दोन प्रती घेऊन फिका पडलेला चॉकलेटी. अशा कुत्र्यांपैकी काहींमध्ये पुढे पाठीवरचे केस गळतात आणि कातडी वारंवार चिघळते. रंगासाठी जास्त पैसे मागणाऱ्याने जोडी जुळवताना खुबे बघितले असण्याची शक्यता कमी.

प्रश्न : आमची लॅब्रेडॉर राणी दोन वर्षांची झाली. सगळे म्हणतात, एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत, तब्येतीला चांगलं असतं. ओळखीत नर आहे. काय काय तयारी लागेल? — एक वाचिका, कोल्हापूर

तब्येतीसाठी पिल्लांची काहीच गरज नाही. उलट, शस्त्रक्रिया न केलेल्या कुत्रीला गर्भाशयात पू होण्याचा धोका वयाबरोबर वाढत जातो. स्वीडनमधल्या विमा-नोंदींनुसार दहा वर्षांच्या आत साधारण चौथा हिस्सा कुत्र्या त्याने आजारी पडल्या. एकदा व्यायल्याने हा धोका जात नाही. हे कारण असेल तर सरळ नसबंदी करून घ्या.

पिल्लं काढायचीच असतील तर आधी राणी त्या लायकीची आहे का, हे तपासा. वर सांगितलेले एक्स-रे आणि डीएनए चाचण्या तिच्या आणि नराच्या, दोघांच्याही. दोघांची ब्रुसेला कॅनिस या जंतूसाठी रक्ततपासणी. हा जंतू मेटिंगमधून पसरतो, त्याने गर्भपात होतो, आणि माणसालाही त्याची लागण होते. स्वभावात भित्रेपणा किंवा चावरेपणा असेल तर एक्स-रे कितीही चांगला आला तरी थांबा. पिल्लं विकणार असाल तर तुम्हीही नियमांच्या दृष्टीने ब्रीडर आहात. मंडळाची नोंदणी लागेल, मादी किमान १८ महिन्यांची हवी आणि आयुष्यात पाचपेक्षा जास्त वेतं घेता येत नाहीत. आमच्या मते पाचही जास्तच आहेत, तीनवर थांबावं.

मेटिंगचा दिवस पंचांगासारखा मोजून ठरत नाही. माजावर आल्यापासून 'अकरावा आणि तेरावा दिवस' हे गणित अनेक कुत्र्यांत चुकतं. काही नवव्या दिवशी तयार होतात, काही अठराव्या. रक्तातला प्रोजेस्टेरॉन हा हार्मोन मोजा. रक्तस्राव सुरू झाल्यापासून पाचव्या-सहाव्या दिवशी पहिली तपासणी, मग दर दोन दिवसांनी. आकडा ५ नॅनोग्रॅमच्या आसपास गेला की बीज सुटलं. ते पक्व व्हायला आणखी दोन दिवस लागतात, म्हणून त्यानंतरच्या दुसऱ्या आणि चौथ्या दिवशी नर लावा. यामुळे विण्याची तारीखही नेमकी कळते : बीज सुटल्यापासून ६३ दिवस, एखादा दिवस इकडेतिकडे. नुसत्या मेटिंगच्या तारखेवरून मोजलं तर हा अंदाज ५७ ते ७२ दिवस असा पसरतो, आणि अडलेली कुत्री वेळेत ओळखता येत नाही.

पंचविसाव्या ते तिसाव्या दिवशी सोनोग्राफी करून गाभण आहे का ते बघा. पंचावन्नाव्या दिवसानंतर एक्स-रे काढून डोकी मोजा. आठ पिल्लं आहेत हे माहीत असेल तरच सातव्यानंतर थांबलेली कुत्री अडली आहे की मोकळी झाली आहे, हे कळतं. पहिल्या पाच आठवड्यांत खाणं वाढवू नका. सहाव्यापासून हळूहळू दीडपटीपर्यंत न्या, आणि पिल्लांना पाजताना दोन ते तीनपट लागेल. गाभणपणी कॅल्शियमच्या गोळ्या देऊ नका. शिजवलेलं घरचं खाणं असेल तर पशुवैद्याकडून आहार ठरवून घ्या. बाहेरून भरपूर कॅल्शियम मिळालं की शरीराची स्वतःच्या हाडांतून ते सोडण्याची यंत्रणा मंदावते आणि नेमकं दूध सुटल्यावर कुत्रीला झटके येतात.

विण्याची जागा दोन आठवडे आधी तयार ठेवा : १२० सेंटिमीटर लांब-रुंद लाकडी पेटी, चारही बाजूंनी आतून दहा सेंटिमीटर उंचीवर आडवी पट्टी, म्हणजे भिंतीकडे सरकलेलं पिल्लू आईखाली चिरडत नाही. पहिल्या आठवड्यात पिल्लांजवळ २९ ते ३२ अंश तापमान लागतं. कोल्हापुरातल्या पावसाळी रात्री दिव्याशिवाय ते मिळत नाही. एका कोपऱ्यावरच दिवा लावा, म्हणजे पिल्लं हवं तसं आत-बाहेर सरकतील.

शेवटच्या आठवड्यात दिवसातून तीनदा गुदद्वारातून ताप मोजून लिहून ठेवा. तो ३७.२ अंशांच्या खाली गेला की साधारण चोवीस तासांत कळा सुरू होतात. पुढची चार चिन्हं दिसली तर वाट बघू नका, पशुवैद्याकडे निघा : जोराच्या कळा देऊन अर्ध्या तासात पिल्लू नाही, दोन पिल्लांच्या मध्ये दोन तासांपेक्षा जास्त गेले, पहिलं पिल्लू यायच्या आधीच हिरवट स्राव आला, तापमान उतरून चोवीस तास झाले आणि काहीच हालचाल नाही. रात्री शस्त्रक्रिया करणारा दवाखाना कुठला, याची चौकशी महिनाभर आधीच करून ठेवा.

जन्मलेल्या प्रत्येक पिल्लाला वेगळ्या रंगाची लोकर सैल बांधा आणि रोज एकाच वेळी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन घ्या. पहिल्या दिवशी थोडं उतरेल. पुढे रोज पाच ते दहा टक्के वाढायला हवं आणि दहाव्या दिवसापर्यंत जन्माचं दुप्पट. एक दिवस वजन थांबलं की त्या पिल्लाला मागच्या भरल्या आचळांवर लावा; दुसऱ्या दिवशीही थांबलं तर डॉक्टर. पिल्लं रडायला लागेपर्यंत थांबलात तर बहुधा उशीर झालेला असतो.

तिसऱ्या आठवड्यापासून मिक्सरचा आवाज, कुकरची शिट्टी, लहान मुलं, छत्री उघडणं, फरशी, माती, गवत, सगळ्याची ओळख करून द्या. ही खिडकी साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंत उघडी असते, आणि तिचा निम्मा काळ पिल्लू तुमच्याच घरी असतं. आठ पिल्लांना आठ घरं मिळतील का, आणि दोन वर्षांनी त्यातलं एखादं परत आलं तर ठेवता येईल का, याचं उत्तर मेटिंगच्या आधी हवं.

प्रश्न : मुलीचा पगसाठी हट्ट आहे. नागपूरच्या उन्हाळ्यात झेपेल का? — एक वाचक, नागपूर

एसी दिवसभर चालू ठेवता येत नसेल तर घेऊ नका. कुत्र्याला घामाने अंग गार करता येत नाही, तो धापा टाकून उष्णता बाहेर टाकतो. पगचं नाक आखूड झालं, पण आतली टाळू तेवढीच राहिली, त्यामुळे हवेची वाट अडते. ४५ अंशांत हे जिवावर बेतू शकतं.

घेणारच असाल तर आई-बापांना तीन मिनिटं दुडक्या चालीने पळवून दाखवायला सांगा. पळाल्यावर घोरल्यासारखा, खरखरणारा आवाज आला तर ते वेत सोडा. केंब्रिज विद्यापीठात अशाच पद्धतीने पगच्या श्वसनाची ० ते ३ श्रेणी ठरवतात. नाकपुड्या फटीसारख्या चिकटलेल्या नकोत, मोकळ्या हव्यात. झोपेत सतत घोरणं 'पगचं वैशिष्ट्य' म्हणून सांगतात. तो आजार आहे. उन्हाने कोसळलेल्या कुत्र्यावर आधी नळाचं पाणी भरपूर ओता, पंख्यासमोर ठेवा आणि मग दवाखाना गाठा. गारवा गाडीत शिरायच्या आधी सुरू व्हायला हवा.

प्रश्न : आपल्या मातीतली जात म्हणून कारवान घ्यायचा विचार आहे. लातूरकडे पिल्लं मिळतात असं ऐकलं. ठाण्याच्या फ्लॅटमध्ये राहील का? — एक वाचक, ठाणे

राहू शकतो, पण रोज पळवलात तर. लातूर, नांदेड, सोलापूर भागातला कारवान आणि कर्नाटकातला मुधोळ ही एकाच घराण्यातली शिकारी कुत्री. कानांवर आणि शेपटीवर झुपकेदार केस असलेल्याला पश्मी म्हणतात. मुधोळजवळ तिम्मापूरला कर्नाटक सरकारचं या जातीचं संशोधन केंद्र आहे. भारतीय टपाल खात्याने २००५ मध्ये काढलेल्या देशी कुत्र्यांच्या तिकिटांतही मुधोळ आहे.

हे कुत्रं डोळ्याने शिकार हेरतं आणि दिसताक्षणी सुटतं. हाक मारून परत येईल असं गृहीत धरू नका. उघड्यावर पट्ट्यानेच फिरवा. डोकं मानेपेक्षा निमुळतं असल्याने साधा पट्टा निसटतो, रुंद किंवा मागे ओढल्यावर आवळणारा घ्या. दिवसातून दोनदा अर्धा तास चालणं आणि आठवड्यातून दोन-तीनदा कुंपणाच्या आत सुसाट पळणं एवढं मिळालं की उरलेला वेळ तो शांत पडून राहतो. गावाकडे सशाच्या मागे सोडण्याची प्रथा अजून आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे. शर्यतीसाठी ग्रेहाउंडशी संकर केलेली पिल्लंही 'कारवान' म्हणून विकली जातात. ओळखायचं तर आई-बाप दोन्ही बघा, आणि शक्य तर मागच्या वेतातलं मोठं झालेलं कुत्रं.

शस्त्रक्रियेची वेळ आली तर कुत्रं या घराण्यातलं आहे हे पशुवैद्याला आधीच सांगा. अंगावर चरबी फार कमी असल्याने थायोपेंटोनसारख्या भुलीतून यांना शुद्धीवर यायला खूप वेळ लागतो. आता सुरक्षित पर्याय आहेत.

प्रश्न : चार दिवसांपूर्वी आणलेलं पिल्लू कालपासून उलट्या करतंय, खात नाही. विक्रेता म्हणतो, जंताचं औषध द्या. मेलं तर दुसरं फुकट देईन म्हणतो. — एक वाचिका, डोंबिवली

या पत्राला आम्ही लगेच स्वतंत्र उत्तर पाठवलं होतं. इतरांसाठी इथे देत आहोत. नव्या पिल्लाला उलट्या आणि दुर्गंधीचे, रक्तमिश्रित जुलाब झाले तर पार्व्हो (पिल्लांच्या आतड्यांचा जीवघेणा संसर्ग) समजून त्याच दिवशी दवाखान्यात न्या. शौचाच्या नमुन्याची तपासणी दहा मिनिटांत होते. सलाइन आणि उलटी थांबवणारी औषधं वेळेत मिळाली तर बरीच पिल्लं वाचतात; घरी ताक-भात देत बसलात तर पाणी कमी होऊन जातात. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला साधारण तीन ते सात दिवस लागतात. चौथ्या दिवशी आजारी पडलेलं पिल्लू बहुधा विक्रेत्याकडूनच ते घेऊन आलेलं असतं. तारखा आणि बिलं जपून ठेवा.

बदली पिल्लू मात्र स्वीकारू नका. पार्व्होचा विषाणू घरात महिनोन्महिने टिकतो आणि फिनाइलने मरत नाही. एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी, असं मिश्रण आधी स्वच्छ धुतलेल्या फरशीवर दहा मिनिटं ओलं राहू द्या. गादी, पट्टा, भांडी टाकून द्या. पुढचं कुत्रं आणाल ते सोळा आठवड्यांच्या वरचं आणि सगळे डोस झालेलं असू द्या.